शिकायला विमान कोणतं? सेस्ना १५२, १७२, डायमंड आणि टेकनम: ओझरच्या एका जुन्या कारागिराचा अभिप्राय

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज नाही. आपल्या नाशिकच्या पठारावर किंवा खाली खानदेशात विमान चालवायला शिकायचं असेल, तर सेस्ना १७२. अंगकाठी बारीक असेल आणि पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील तर सेस्ना १५२ चालेल, पण उडायचं सकाळीच. एअरलाइनमध्येच जायचं हे पक्कं असेल आणि शाळेकडे असेल तर डायमंड डीए-४०. बाकीची विमानं वाईट नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मी वैमानिक नाही. उभी नोकरी नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात गेली, आधी मिग आणि नंतर सुखोई. भाचीने बारावी सायन्स झाल्यावर पायलट व्हायचं काढलं, तेव्हा ताई म्हणाली, "तूच बघ बाबा, तुला विमानातलं कळतं." लढाऊ विमानापुढे ही शिकाऊ विमानं अगदीच चिमुकली. एक माणूस टो-बार लावून १७२ हँगरबाहेर ओढून आणतो, हे बघून पहिल्यांदा हसूच आलं. पण रिव्हेट ती रिव्हेट आणि गळती ती गळती. खिशात टॉर्च टाकून भाचीबरोबर उत्तर महाराष्ट्रातल्या आणि विदर्भातल्या शाळा पालथ्या घातल्या. शाळांची नावं देत नाही, हा अभिप्राय विमानांचा आहे.

पालक हँगरमध्ये शिरले की पहिल्यांदा कॉकपिटमध्ये डोकावतात. दोन मोठे स्क्रीन दिसले की खूष. भाचीचंही तेच झालं, "मामा, हे बघा ना, गार्मिन जी-१०००!" मी आधी वेट शीट, म्हणजे विमानाच्या वजनाचा कागद, मागितली आणि विचारलं, मे महिन्यात दुपारी उडवता का? एका ठिकाणी "हो, वर्षभर फुल फ्लाइंग" असं छातीठोक उत्तर आलं. त्या शाळेवर मी मनातल्या मनात तिथेच काट मारली.

का ते सांगतो, कारण सगळी निवड या एका हिशेबावर फिरते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर. या उंचीला हवेचं प्रमाणित तापमान धरतात ११ अंश. मेमध्ये दुपारी पारा ४० ला टेकतो, म्हणजे २९ अंश जास्त. दर जादा अंशाला साधारण १२० फूट धरायचे. २९ गुणिले १२० म्हणजे जवळपास साडेतीन हजार, त्यात आपले १९०० मिळवा. विमान उभं असतं धावपट्टीवर, पण हवा असते ५४०० फुटांवरची. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बो नसलेलं इंजिन अशा हवेत पंधरा-सोळा टक्के ताकद तिथल्या तिथे गमावतं, वर प्रोपेलरची पकडही ढिली होते. धुळं आपल्यापेक्षा हजारेक फूट खाली, पण तिथे पारा ४३-४४ वर जातो, त्यामुळे तिथला आकडाही साडेचार हजारांच्या घरात येतो. युरोप-अमेरिकेतले यूट्यूबवाले थंडगार हवेत उडून "हे विमान मस्त चढतं" सांगतात, त्यावर आपण विमान ठरवायचं नसतं.

आता १५२ घ्या. दोन सीट, ११० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, कमाल वजन ७५७ किलो. आम्ही पाहिलेल्या एकाच्या वेट शीटवर रिकामं वजन होतं ५३० किलो. वापरता येण्याजोगं पेट्रोल ९३ लिटर, म्हणजे ६७ किलो. टाक्या भरल्या की दोघा माणसांसाठी मिळून उरतात १६० किलो. इन्स्ट्रक्टर ८५ किलोचे, भाची ४८ किलोची, काही प्रश्न नाही. पण तिच्याच क्लासचा पंचवटीतला एक मुलगा आमच्याबरोबर होता, ९२ किलोचा. त्याला टाक्या पाऊण ठेवूनच उडावं लागणार. कागदावर हे बसतं. तेवढ्या पेट्रोलमध्ये तीन तास काढता येतात, कारण १५२ तासाला २२-२३ लिटरच पिते. पण कागदावर काठोकाठ बसलेलं वजन मेच्या दुपारी धावपट्टी संपत आल्यावर पायलटला चांगलंच जाणवतं.

हे सोडलं तर १५२ वर माझा जीव जडला. काहीही लपवत नाही. पंख वर असल्याने पेट्रोल वजनानेच इंजिनाकडे उतरतं, पंपच नाही, त्यामुळे पंप बिघडायचा प्रश्नही नाही. साधा कार्बोरेटर. रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, नीट दिला नाही की पॅनेलवरच्या नळीतला चेंडू लगेच बाजूला सरकतो आणि इन्स्ट्रक्टर ओरडतात. सकाळी सहा-साडेसहाला, हवा थंड असताना, ते हलकं विमान वळताना बघायला फार छान वाटतं. स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं, शिकवायलाही त्याला परवानगी आहे.

कार्बोरेटरवरून एक सांगून ठेवतो, कारण पालक यावर हसतात. कार्बोरेटर गरम करणारा कार्ब हीटचा नॉब बघून एक गृहस्थ म्हणाले, "आपल्याकडे बर्फ कुठला?" पावसाळ्यात बाहेर २५ अंश असले तरी कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची वाफ होताना तापमान शून्याखाली उतरू शकतं आणि दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं. तेही थ्रॉटल मागे घेऊन उतरताना, म्हणजे नको त्याच वेळी. श्रावणातल्या नाशिकसाठी हा नॉब शोभेचा नाही.

१५२ ची खरी अडचण वय. १९७७ ते १९८५ एवढीच वर्षं ती बनली, म्हणजे सगळ्यात तरुण विमानानेही चाळिशी गाठली आहे. वयाला मी घाबरत नाही, नीट ठेवलेला पत्रा टिकतो. बघायचं ते रिव्हेटकडे. रिव्हेटच्या मागे, हवेच्या दिशेने, काळपट ओघळ दिसला तर ती रिव्हेट ढिली होऊन आत घासते आहे. एखाद-दुसरी असेल तर विचारा. रांगच्या रांग असेल तर चहा पिऊन परत या.

आता १७२, आणि इथे जरा थांबतो, कारण निवडलं ते हेच. १९५६ पासून बनतं आहे, मधे १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं बंद होतं आणि पुन्हा सुरू झालं. ४४ हजारांच्या वर बनली, जगात एवढ्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलं नाही. १९५८-५९ साली लास वेगासला दोघा जणांनी १७२ जमिनीला चाक न टेकवता ६४ दिवस हवेत ठेवलं होतं, खालून धावणाऱ्या ट्रकमधून पेट्रोल वर ओढून घेत. शिकाऊ मुलं रोज आपटणार असतील तर असंच कणखर यंत्र हवं.

माझं मत मात्र पुन्हा वजनावरच ठरलं. १७२ एस मॉडेलला १८० हॉर्सपॉवर आणि कमाल वजन ११५७ किलो. सीट चार, पण शिकताना बसतात दोघेच. दोघं आणि अर्ध्या टाक्या धरल्या तर विमान कमाल वजनापेक्षा साधारण दीडशे किलो हलकं उडतं. प्रत्येक हॉर्सपॉवरमागे साडेपाच-पावणेसहा किलो. भरलेल्या १५२ मध्ये हाच आकडा पावणेसात ते सात. समुद्रसपाटीवर, दोन्ही पूर्ण भरलेली असताना, कंपनीच्या पुस्तकात चढण्याचा वेग जवळपास सारखाच दिला आहे, १५२ ला मिनिटाला ७१५ फूट आणि १७२ एसला ७३०. म्हणून लोक म्हणतात, फरक कुठे आहे? फरक रिकाम्या ठेवलेल्या मागच्या दोन सीटमध्ये आहे. पंचवटीच्या त्या मुलाला मी हेच समजावलं.

टॉर्च इथेच जास्त चालला. जुना ट्रॅक्टर घेताना शेतकरी आधी खाली वाकतो, तसं १७२ बघताना आधी नाकाखाली वाका. शिकणारी पोरं मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर विमान टाकतात. धक्का पुढच्या ओलिओतून, म्हणजे चाकावरच्या शॉक ॲब्झॉर्बरमधून, सरळ इंजिनामागच्या फायरवॉलला जातो आणि पत्र्याला चुणी पडते. एका शाळेत नुकत्याच रंगवलेल्या चकचकीत १७२ च्या खाली टॉर्च धरला, तर रंगाखाली पत्रा स्पष्ट लहरलेला. तिथल्या मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, दोघेही काही बोललो नाही. मग सीटची रुळं. सेस्नाची सीट पुढेमागे सरकते आणि पिन रुळाच्या भोकात बसते. भोकं झिजून लांबट झाली की टेकऑफच्या वेळी सीट मागे सटकते आणि पायलट नकळत योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, धरून मागे ओढतो. यातून जगात अपघात झाले आहेत आणि १९८७ सालीच अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाने या रुळांची तपासणी सक्तीची केली. सीटवर बसा, पिन बसली की दोन्ही पायांनी जोरात मागे रेटा. हलली तर खाली उतरा.

भाचीला डेमो फ्लाइटआधी इन्स्ट्रक्टर सरांनी पेट्रोलचे नमुने काढायला लावले. नव्या १७२ ला नमुना काढायच्या अशा १३ जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. पारदर्शक कप वर दाबायचा, थोडं पेट्रोल घ्यायचं, उजेडात धरायचं. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, आणि चुकून जेट इंधन मिसळलं असेल तर निळा रंग फिका पडतो. पाचव्या-सहाव्या ठिकाणापर्यंत तिची मान अवघडली आणि म्हणाली, "सर, सगळे तेरा?" सर शांतपणे म्हणाले, "पाणी कोणत्या ठिकाणी आहे ते मला माहीत असतं तर एकच काढायला सांगितलं असतं." ते सर मला तिथेच आवडले. आपल्याकडे ॲव्हगॅस बऱ्याच ठिकाणी बॅरलमधून येतं, तेव्हा हा कंटाळा महागात पडू शकतो. २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याला हे पेट्रोल बनवतं, त्याआधी सगळं बाहेरूनच यायचं.

१७२ चे तोटेही आहेत. पंख वर असल्याने टाकीत डोकावायला पंखाच्या काठीवर पाय देऊन चढावं लागतं. भाची पाच फूट एक इंच, तिला शिडीच लागली. वळताना वळणाच्या बाजूचं आकाश पंखामागे जातं. आणि फ्युएल इंजेक्शनचं हे इंजिन गरम असताना पुन्हा सुरू करणं हा एक वेगळाच वैताग. उन्हात पंधरा मिनिटं उभं केलं की नळ्यांमध्ये पेट्रोलची वाफ अडकते. मिक्स्चर, म्हणजे हवेत मिसळणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा नॉब, बंद ठेवून स्टार्टर मारायचा आणि इंजिनाने पकड घेतली की मिक्स्चर हळूच पुढे न्यायचं, हे जमेपर्यंत बॅटरी रडकुंडीला येते. पेट्रोलही तासाला पस्तीसेक लिटर जातं, त्यामुळे तासाचा दर १५२ पेक्षा चढा. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा या गरम स्टार्टसाठी कापला.

ताईचा प्रश्न एकच होता, एकच इंजिन आहे, बंद पडलं तर? इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. ओझरच्या डोक्यावर पाच हजार फुटांवर बंद पडलं, तरी वारा नसेल तर चौदाएक किलोमीटर तरंगत जाईल, पिंपळगाव बसवंत ओलांडून पुढे. ताई म्हणाली, "पिंपळगावला काय करायचंय तिला?" समाधान झालं नाही.

डायमंड डीए-४० बघायला गोंदियाकडे गेलो. ऑस्ट्रियाचं विमान, पत्रा नाहीच, सगळं कॉम्पोझिट. पत्र्यात आयुष्य गेलेल्या माणसाला बोटाने टकटक करून काही कळत नाही, याचा राग आला, पण काम अप्रतिम आहे. लांब सडपातळ पंख, ग्लायडरच्या वळणाचे. योकऐवजी काठी. याचं एनजी मॉडेल माझ्या हिशेबात फार वर जातं, कारण इंजिन टर्बो डिझेल आहे, मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनावरून बेतलेलं, १६८ हॉर्सपॉवरचं. टर्बो असल्याने विरळ हवेत ताकद टिकते, आणि पितं तासाला वीस-पंचवीस लिटर जेट इंधन, जे ॲव्हगॅसपेक्षा मिळायला सोपं. पॉवरला एकच लिव्हर, मिक्स्चरची भानगड कॉम्प्युटर बघतो. सीट जागची हलत नाही, पेडल पुढेमागे होतात, त्यामुळे सीटच्या रुळांची चिंता मिटली आणि बुटक्या मुलांचीही सोय झाली.

मग निवडलं का नाही? एक तर वरचं काचेचं झाकण. मेमध्ये टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, आत काय होतं ते मागच्या सीटवर बसून अनुभवलं, सांगण्यात मजा नाही. दुसरं म्हणजे हे विमान फार समजूतदार आहे. स्टॉल करायला, म्हणजे वेग घटवून पंखांची उचल घालवायला, गेलं तर नाक हलवत हळूहळू खाली येतं, जाणूनबुजून स्पिन करायला मनाई आहे, आणि मिक्स्चर म्हणजे काय ते हाताला कधी कळतच नाही. पुढच्या चाकालाही पेडल जोडलेली नाहीत, वळायला एकेका बाजूचा ब्रेक मारायचा, त्यामुळे नवी पोरं ब्रेक पॅड खातात. पहिले साठ-सत्तर तास साध्या यंत्रावर आणि नंतर डायमंड, हे मला पटतं. मल्टी-इंजिनसाठी डायमंडचंच दोन इंजिनांचं डीए-४२ त्याच शाळेत असेल तर तसंच पॅनेल पुन्हा भेटतं, हा फायदा मात्र मोठा.

टेकनम पी-२००८ थोडक्यात. इटलीचं, दोन सीटचं, १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन, कमाल वजन ६५० किलोच. नवं कोरं, देखणं, पितं अगदी कमी. इंजिन ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि गिअरबॉक्समधून प्रोपेलरला कमी फेऱ्या मिळतात, म्हणून आवाज वेगळा येतो. तेल बघायच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड आवाज आला की मगच डिपस्टिक काढायची. भाचीला हा प्रकार फार आवडला. पण दुपारच्या थर्मलमध्ये, म्हणजे तापल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेत, आणि आडव्या वाऱ्यात एवढं हलकं विमान पतंगासारखं हलतं, आणि वजनाचा हिशेब १५२ सारखाच तंग. पायपर हे आणखी एक शिकाऊ विमान फक्त जमिनीवर बघितलं. पंख खाली, दार एकच आणि तेही उजवीकडे, पेट्रोल डावी-उजवी टाकी बदलत वापरायचं. नव्या मुलाने टाकी बदलायची विसरू नये म्हणून घड्याळाकडे बघत उडायचं, हे मला पहिल्या विमानासाठी नको वाटलं.

एचएएलच्या माणसाला एक सल राहतेच. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आपल्याकडेच एचटी-२ हे शिकाऊ विमान काढलं, ते १९५१ मध्ये उडालं. १९५८ मध्ये पुष्पक आलं, कापडी आवरणाचं, ९० हॉर्सपॉवरचं, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबमधून एक अख्खी पिढी त्यावर शिकली. आज भाचीला देशी विमान दाखवायचं म्हटलं तर नाव घ्यावं लागतं बंगळुरूच्या एनएएल या सरकारी संशोधन संस्थेच्या हंसाचं. त्याचं नवं एनजी रूप सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा उडालं, तेही रोटॅक्सवर. आम्ही गेलो त्या एकाही हँगरमध्ये ते नव्हतं. असतं तर मी आधी त्यात बसलो असतो.

स्क्रीनचं भांडण भाचीशी अजून चालू आहे. माझं म्हणणं, सुरुवातीला सहा गोल घड्याळांचं १७२ बरं, नजर बाहेर राहते. तिचं म्हणणं, एअरलाइनमध्ये गोल घड्याळं आहेत कुठे? शेवटी तडजोड झाली. शाळेकडे दोन्ही प्रकारची आहेत, सुरुवात साध्यावर, इन्स्ट्रुमेंटचे तास जी-१००० वर.

आणि विमान कितीही चांगलं असलं तरी ते उडायला हवं. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट, म्हणून. पन्नास लाखांच्या पुढेमागे खर्च करून मुलं दोन-दोन वर्षं हँगरबाहेर विमानाची वाट बघत बसलेली मी पाहिली. "तुमच्याकडे विमानं किती?" असं विचारू नका. "आज सकाळी किती उडाली?" असं विचारा आणि फळ्यावर बघा. इंजिनाचे किती तास झाले ते लॉगबुकात बघा. १५२ च्या इंजिनाला दोन ओव्हरहॉलमध्ये २४०० तास आणि १७२ एसच्या इंजिनाला २००० तास दिलेले आहेत. सगळ्याच विमानांची इंजिनं एकाच वेळी शेवटाला आली असतील तर तुमच्या मुलाच्या वेळेला सगळीच उघडी पडलेली असणार.

डीजीसीए या सरकारी विमान नियामकाचा टेक्निकल स्पेसिफिकचा पेपर तुम्ही ज्या विमानावर उडता त्याच विमानाचा असतो, त्यामुळे विमान आधी ठरवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पावसाळा वाया जात नाही. पाऊस सुरू झाला की उडण्याचे तास तसेही घसरतात. भाची सध्या संध्याकाळी १७२ चं हँडबुक घेऊन माझ्याकडे येते, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी क्लासला करते. पेपर सप्टेंबरपर्यंत उरकायचे आणि ऑक्टोबरला उडायला सुरुवात. फॉर्म भरताना मी शाळेकडून एकच गोष्ट लेखी मागितली, मार्च ते जूनमध्ये तिचा स्लॉट सकाळी नऊच्या आतला हवा. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग दिलं.